स्पेक्ट्रम ४८के : ६५५३५ दिसत असूनही अडणारी मेमरी

दुरुस्तीला घेतलेला संगणक रबरी कळांचा झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक असून त्याचा बोर्ड इश्यू ३बी (बोर्डाची एक आवृत्ती) आहे. पुण्यात परवान्याने तयार झालेला डीबी स्पेक्ट्रम प्लस ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही ही नोंद उपयोगी पडावी, कारण मूळ रचना त्याच घराण्यातली आहे. बोर्डाच्या मागच्या बाजूला काही ठिकाणी सोल्डर नवे आणि जाड दिसत होते. त्यामुळे पूर्वी कोणीतरी भाग बदलले आहेत हे गृहीत धरून, मूळ भागांच्या आधी बदललेल्या भागांवर संशय घ्यायचा असे ठरवले.

सुरू केल्यावर पडद्यावर फक्त उभे पट्टे येत होते. खालच्या १६ केबी मेमरीतील आठ ४११६ चिपांना +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यांतील −५ पिन १ वर आणि +१२ पिन ८ वर मोजता येते. −५ नसताना +१२ मिळत राहिले तर या चिपा जळू शकतात, म्हणून इतर काहीही करण्यापूर्वी हे मोजमाप करावेच. येथे −५ ठीक होते, पण १२ च्या जागी जेमतेम साडेनऊ व्होल्ट मिळत होते. बोर्डावर टीआर४ अशी खूण असलेल्या, व्होल्टेज तयार करणाऱ्या भागातील ट्रान्झिस्टरच्या जागी मूळ झेडटीएक्स६५० ऐवजी कमी क्षमतेचा साधा ट्रान्झिस्टर बसवलेला होता आणि तो बोट ठेववणार नाही इतका तापत होता. मूळ क्रमांकाचा ट्रान्झिस्टर लावल्यावर व्होल्टेज जागेवर आले, आणि मेलेली एक ४११६ बदलताच सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची परिचित ओळ पडद्यावर उमटली.

खरा पेच त्यानंतर सुरू झाला. छोटे प्रोग्रॅम नीट चालत, पण मोठा गेम लोड झाला की संगणक रीसेट होई. २३७३२ आणि २३७३३ या पत्त्यांवर नोंदलेली मेमरीची वरची मर्यादा मात्र ६५५३५ म्हणजे पूर्ण ४८ केबी दाखवत होती. या आकड्यावर विसंबू नये. रॉममधील (कायम कोरलेल्या मेमरीतील) चाचणी संगणक सुरू होताना प्रत्येक पत्त्यावर २ हा आकडा लिहिते, मग तो दोनदा एकेकाने कमी करते, आणि पहिल्या वजाबाकीनंतर शून्य आले नाही व दुसऱ्या वजाबाकीनंतर आले, की तो पत्ता चांगला मानते. यात प्रत्येक पत्त्यावरील आठ बिटांपैकी (शून्य किंवा एक ठेवणाऱ्या घरांपैकी) खालचे दोनच वापरले जातात. त्यामुळे वरच्या सहा बिटांपैकी एखादा बिट कायम शून्यावर अडकला असेल, तर तो या चाचणीला दिसतच नाही. १९८२ च्या रॉममध्ये जागा किती मोजकी होती हे पाहता या चाचणीचा आटोपशीरपणा मला आजही सुंदर वाटतो, पण तिचे काम मेमरी किती आहे ते ठरवण्याचे आहे, ती निर्दोष असल्याची हमी देण्याचे नाही.

म्हणून बेसिक या संगणकाच्या भाषेत प्रथम क्लिअर ३२७६७ (त्यापुढची मेमरी बेसिकने वापरू नये अशी आज्ञा) देऊन ३२७६८ पासून ६५५३५ पर्यंत प्रत्येक पत्त्यावर २५५ लिहिणारा आणि ते वाचून वेगळे आले तर पत्ता व वाचलेला आकडा छापणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. तो संथ चालतो, पण उत्तर नेमके देतो. ठराविक अंतरांवरील पत्त्यांवर २२३ येत होते, म्हणजे ३२ कमी, म्हणजेच बिट ५ (शून्यापासून मोजता; त्याची किंमत ३२) शून्यावर अडकलेला.

वरच्या ३२ केबीसाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या चिपा स्वस्तात वापरल्या. कोणता अर्धा भाग चांगला आहे हे चिपेच्या क्रमांकात दिलेले असते, आणि बोर्डावरील तारेची जोडणी त्यानुसार करावी लागते. त्यामुळे प्रत्येकी एक बिट सांभाळणाऱ्या आठही चिपा एकाच जातीच्या असणे आवश्यक असते. भिंगातून पाहिल्यावर सात चिपांवर एमएसएम३७३२एल लिहिलेले आढळले, तर बिट ५ च्या चिपेवर एमएसएम३७३२एच, म्हणजे दुसरा अर्धा भाग चांगला असलेली. ती चिप बिघडलेली नव्हती, पण या बोर्डावर तिचा नेमका सदोष अर्धा भाग वापरला जात होता. विद्युतदृष्ट्या बसते म्हणून लावलेला भाग किती काळ फसवू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

३७३२एल शोधत बसण्यापेक्षा दोन्ही अर्धे भाग चांगले असलेली पूर्ण ६४ किलोबिटची ४१६४ चिप सॉकेटसह बसवली. तिला तारेची जोडणी कोणतीही चालते. नंतर तोच प्रोग्रॅम २५५ ने आणि शून्याने, संगणक चांगला तापू दिल्यावर पुन्हा चालवला, तेव्हा एकही पत्ता छापला गेला नाही, आणि पूर्वी अडणारा गेमही शेवटपर्यंत चालला. कीबोर्डच्या मेम्ब्रेनची (कळांखालच्या पातळ प्लास्टिक थराची) पट्टी कडक झाली असून एक ओळ मधूनमधून तुटते. ती चिकटवण्याच्या भानगडीत न पडता नवी मेम्ब्रेन मागवली आहे.