डोमा वल्द कोण?

जात पडताळणीसाठी लोकांचे जुने कागद शोधून देणं हे माझं काम. ॲडमिशनचा सीझन आला की नागपुरात माझा फोन बंदच होत नाही आणि प्रत्येकाला कागद कालच पाहिजे असतो. ओबीसी असाल तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, एससी असाल तर 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, हे लोकांना पोरगी बारावीत गेल्यावर समजते. असो.

ही केस खरं म्हणजे सोपी होती (नावं बदलली आहेत). तेली समाजातलं कुटुंब, पोरीला इंजिनिअरिंगला जायचं. तिच्या पणजोबांचा शाळेचा दाखल-खारीजचा उतारा घरीच होता, 1921 चा, जात स्वच्छ लिहिलेली, नाव ‘डोमा वल्द पांडू’, म्हणजे पांडूचा मुलगा डोमा. वकीलसाहेब म्हणाले झालं, लावून द्या. पण पोरीच्या बाबांना हौस. पांडूजी मालगुजाराचे, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या गावमालकाचे, दिवाण होते म्हणे, त्याचा काही कागद मिळते का पहा ना भाऊ. आता आमच्याकडे दर दुसऱ्या घराचा पूर्वज मालगुजाराचा दिवाण असतो, शेतमजूर कोणाचाच नसतो. पैसे देऊन राहिले तर मी कशाला नाही म्हणू, निघालो.

गाव कुहीकडचं. इथंच नवीन माणूस फसतो, कारण इंग्रजांच्या काळात कुही तालुकाच नव्हता, जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल अशा मोजक्याच तहसिली, त्यामुळं कुहीचं गाव उमरेडच्या बस्त्यात, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यात, पहावं लागते. त्यात एकाच नावाची दोन-तीन गावं, एखादं रीठी, म्हणजे कागदावर मौजा आहे पण राहायला माणूस नाही. आणि आडनाव विसरून जा. जुन्या कागदात आडनाव नसतेच, नाव, बापाचं नाव, जात, मौजा, संपलं. कॉम्प्युटरवर आडनाव टाकून पणजोबा मिळेल असं समजणाऱ्या लोकांशी मी आजकाल वादच घालत नाही.

आमचं खरं सोनं म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वही घेऊन पोलीस ठाण्यात जायचा, त्याला स्वतःला बहुतेक वेळा लिहिता यायचं नाही, लिहिणारा दुसराच कोणी. बाहेरच्याला वाटते की तिथं आजोबाचं नाव सापडेल. नाही सापडत. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतेच, बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच. आईचा तर पत्ताच नाही. म्हणून तारीख धरून चालावं लागते. शाळेच्या उताऱ्यात डोमाची जन्मतारीख होती 1914 ची. कुहीच्या गावात त्या दिवशीच काय, त्या अख्ख्या महिन्यात पांडूला काहीच झालेलं नाही. मग मी शेजारची गावं काढली. एका गावात त्याच तारखेला, तेली जातीत, मुलगा. बाप गणपत.

एवढ्यानं काही सिद्ध होत नाही, तारखा मास्तर लोक अंदाजानंही टाकायचे. पण आता माझी झोप गेली. त्याच गावची वही पुढं चाळत गेलो तर 1918 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर. ज्यांनी ही पानं पाहिली नाहीत त्यांना कसं सांगू. मृत्यूच्या कारणात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, एकाच घरातले दोघं-तिघं एका दिवशी, मध्येच अक्षर बदलते. इन्फ्लुएंझाची साथ ती, त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला, आणि मध्यप्रांत म्हणजे देशात सगळ्यात जास्त मार बसलेल्या भागांपैकी एक. गणपत तेली त्याच पानावर.

मग जमाबंदी, म्हणजे जमीन कोणाच्या नावानं आहे त्याची वही. तिथं एक ओळ मिळाली ती मी तीनदा वाचली: ‘डोमा नाबालिग वल्द गणपत, वली मु. सीता बेवा गणपत’. चार वर्षांच्या पोराच्या नावानं जमीन, आणि विधवा आई पालक. पुढच्या ज्या वर्षाची वही शिल्लक आहे तिच्यात डोमाही नाही आणि सीताही नाही, गणपतचा भाऊ आहे. मधल्या वह्या बस्त्यात नाहीत. म्हणजे सीतानं पांडूशी पाट लावला, विधवेचं दुसरं लग्न ते, पोराला घेऊन दुसऱ्या गावी आली, शाळेत बाप म्हणून पांडूचं नाव लागलं. पाट लावला की नवऱ्याच्या जमिनीवरचा विधवेचा हक्क जायचा, 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यातच तसं होतं. पण पोराचा हक्क कुठं जातो? तो कोणत्या कायद्यानं गेला?

मी हे सांगितलं तर पोरीच्या बाबांचा पहिला प्रश्न, ‘मग त्या जमिनीचं काय?’ ती जमीन गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेली, मोबदला त्या भावाच्या वंशजांनी घेऊन झाला. दुसरा प्रश्न, हे शपथपत्रात लिहायचं का. वकीलसाहेबांचं म्हणणं, जात दोन्हीकडं तीच आहे, कशाला उकरता. वकिलांना शिक्क्याशी मतलब. मी म्हटलं, वंशावळ शपथेवर असते, पडताळणी समितीच्या दक्षता पथकाच्या हाती हीच वही लागली तर उत्तर कोण देईल? दोन्ही नावं लिहा आणि खुलासा जोडा.

घरात आत्या होत्या, डोमाजींची मुलगी, ऐंशीच्या पुढच्या. इतका वेळ गप्प बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘आमाले सारं मालूम हाये. सीताबुढी सांगे. कोनी इचारलंच नाही आजवर.’ मग भाच्याकडं पाहून, ‘पांडूबाबा कायचा दिवान, दुसऱ्याच्या वावरात राबे. पन एम्प्रेस मिलमध्ये चिकटवलं बाबाले त्यानंच. त्याचं नाव काढू नोको.’

नाव काढलं नाही. दोन्ही लिहिली, आत्यांचं वेगळं शपथपत्र जोडलं, व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, आली, पोरगी कॉलेजला लागली. फाइल बंद व्हायला पाहिजे होती, पण परवा बाबांचा फोन, मधल्या वर्षांच्या वह्या दुसरीकडं कुठं असू शकतात का, किती घ्याल. त्यांना मोबदल्याचं पडलं आहे हे मला समजते. मला मात्र त्या पोराचं नाव कोणी आणि काय लिहून कापलं तेवढं पहायचं आहे. रेट अजून सांगितला नाही.