आमच्या पडवीतला 'पुष्पा २'

'पुष्पा २' कसा वाटला, हे आमच्या घरात विचारू नये. विचारलं तर जेवणं लांबतात.

सिनेमा आला ५ डिसेंबर २०२४ला. डोंबिवलीच्या भाच्याने तो तेव्हाच बघून टाकला होता. आम्ही वेंगुर्ल्याकडची माणसं. थिएटर गाठायचं म्हणजे एसटीची वाट बघण्यातच अर्धा दिवस जातो, आणि मला पतपेढीतून सुट्टी कोण देणार? मे महिन्यात चाकरमानी घरी आले, भाच्याने मोबाइलचं नेट टीव्हीला जोडलं आणि पडवीत चटया पसरून सगळ्यांनी एकदाच बघितला. थिएटरात तो ३ तास २० मिनिटांचा होता. जानेवारीत त्यात आणखी वीसेक मिनिटांची भर घातली. आमच्याकडे त्यात वीज जाऊन येण्याचा वेळ धरा.

सुरुवातीलाच जपानच्या बंदरात एक कंटेनर उघडतो, त्यातून रक्तचंदनाचा तस्कर पुष्पा बाहेर पडतो, जपानी बोलतो आणि धडाधड माणसं लोळवतो. भाचा आमच्या तोंडांकडे बघत होता, कोण कधी शिट्टी मारतं म्हणून. आत्येने विचारलं, "गो, ह्यो आपलो यश मां?"

तिचं बरोबर होतं. पुष्पा झालेल्या अल्लू अर्जुनला हिंदीत आवाज श्रेयस तळपदेचा आहे, पहिल्या भागातही त्याचाच होता. आणि श्रेयस ज्यात यश होता, त्या 'माझी तुझी रेशीमगाठ' मालिकेचा एकही भाग आत्येने चुकवलेला नाही. त्यानंतर पुष्पाने किती का माणसं मारेनात, आत्ये त्याच्या बाजूने. यश उगाच कुणाला मारणार नाही, त्यांनीच काहीतरी केलं असणार. भाचा चिडला. आवाज बाजूला ठेवून बघ म्हणाला. मला मात्र वाटलं, तिला सिनेमात शिरायला वाट तरी मिळाली. सासूबाईंना तीही मिळाली नाही. ज्या रक्तचंदनासाठी एवढे ट्रक, एवढे पोलीस, त्याची बाहुली आमच्या फडताळात पडलेली असते आणि कुणाचा पाय मुरगळला की सहाणेवर उगाळून लेप देतात. ते झाड आंध्रच्या शेषाचलमच्या डोंगरांत वाढतं, तोडायला आणि बाहेर पाठवायला बंदी आहे, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मगे आपली बाहुली कपाटात ठेवूया काय?" आणि त्या आंबे बघायला आत गेल्या.

खरी वादावादी फोटोवरून सुरू झाली. श्रीवल्ली नवऱ्याला, म्हणजे पुष्पाला, सांगते, मुख्यमंत्र्यांना भेटायला जाताय तर त्यांच्यासोबत एक फोटो काढून आणा. मुख्यमंत्री म्हणतो, तस्कराबरोबर फोटो नाही. झालं, पुष्पा मुख्यमंत्रीच बदलायला निघतो. भाच्याच्या मते एवढ्या मोठ्या सिनेमाला हे फुसकं कारण आहे. हिंदीतच ८०० कोटींवर कमाई केलेला सिनेमा आणि सगळं कशावरून, तर फोटोवरून! (कोटी त्याला तोंडपाठ. त्यातला एक रुपया त्याला मिळाल्यासारखा बोलतो.) आत्येला आणि मला हीच गोष्ट सगळ्यात पटली. पहिल्या भागात तो हमाल होता, उपाशी होता, कुणीही त्याला हाड म्हणत होतं, म्हणून तो वर चढताना बघायला मजा होती. आता त्याच्याकडे सगळं आहे, त्याला कोणी हरवू शकत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. अशा माणसाची गोष्ट पुढे ढकलायची तर त्याला दुखेल असं काहीतरी लागतं. बायकोपुढे खाली बघायला लागणं, हे दुखणं मला खरं वाटलं.

माझी तक्रार वेगळी आहे. फहाद फासिलसारखा नट हाताशी असताना त्या शेखावत नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचा जवळजवळ विदूषक करून टाकलाय. पुष्पा सॉरी म्हणतो तो प्रसंग दोघांनी मिळून छान तोलला आहे, पुढे मात्र तोल सगळा एकाच बाजूला जातो. समोरचा दमदार नसेल तर नायकाने कितीही हळू चालत यावं, मला काही होत नाही.

मध्यंतराच्या सुमाराला शेजारचे तात्या आले. तात्यांनी उभं आयुष्य दशावतारी नाटकांत स्त्रीपार्ट केले. अजूनही चालताना पायरी आली की नकळत डाव्या हाताने निऱ्या उचलल्यासारखं करतात. ते बसले आणि नेमका जत्रेचा प्रसंग सुरू झाला. तिरुपतीच्या गंगम्माच्या जत्रेत पुरुष नवस म्हणून बाईचा वेष घेतात, ती तिथली खरी प्रथा आहे. सिनेमात पुष्पा साडी नेसून, अंगाला निळा रंग लावून, गळ्यात लिंबांची माळ घालून देवीपुढे उभा राहतो.

तात्या पुढे सरकून बसले. "नेसलो बरो," म्हणाले. "पण हात बघ. हात अजून बाप्याचेच." भाचा हसला. तात्यांनी लक्ष दिलं नाही. "लुगडा नेसला म्हणजे बाई होता असा नाय. आधी मान बदलाक होयी."

नाच चढत गेला. तात्या गप्प. एका जागी, तो डोळे मोठे करून थरथरायला लागतो तिथे, हळूच म्हणाले, "आता इली."

मी भाच्याकडे बघितलं. तोही बघत होता, पण वेगळ्या कारणाने. पुढे काय येणार हे त्याला ठाऊक होतं. पुतणीच्या अंगावर हात टाकणाऱ्यांना पुष्पा त्याच साडीत तुडवतो. माणसं हवेत गिरक्या घेतात, सगळं हळूहळू दिसतं, ढोल कानठळ्या बसवतात. भाचा उठून उभाच राहिला. तात्या चटईवर मागे रेलले. "गेली. परत बाप्यो इलो."

मग अर्धा तास तेच. भाचा म्हणे, ही मारामारी म्हणजेच तर देवीचं रूप आहे, राक्षस मारायलाच ती येते. तात्या म्हणे, राक्षस आम्हीही मारतो, रोज रात्री, देवळासमोर. तलवारीचे हात पखवाजावर पडतात आणि झांज थांबली की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. त्याला दोरीने वर टांगावं लागत नाही. हे बोलताना त्यांचा रोख सिनेमावर कमी आणि हल्लीच्या 'ट्रिकसीनयुक्त' नाटकांवर जास्त होता, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. आता नाटकाच्या बोर्डावर ट्रिकसीन लिहिलेलं नसेल तर पोरं येत नाहीत. धूर निघतो, मुंडकं उडतं, टाळ्या पडतात. तात्यांच्या काळी एक बाकडं हेच सिंहासन, आणि संवाद लिहिलेले नसत, आजही नसतात. समोरच्याने टाकलेला शब्द उचलून जागच्या जागी बोलायचं.

मला दोघांचंही म्हणणं घ्यावंसं वाटत नव्हतं. नाच मला तात्यांइतकाच आवडला. पण मारामारी सुरू झाल्यावर माझ्याही अंगावर काटा आला, आणि तो पुतणीमुळे आला, गिरक्यांमुळे नाही. शेवटच्या मारामारीत हेच उलट होतं. हातपाय बांधलेला पुष्पा दातांनी माणसं फाडतो, कल्पना भन्नाट आहे, कॅमेरा भन्नाट आहे, आणि मी मनात उद्याच्या घावण्यांसाठी तांदूळ भिजत घातले की नाही हे आठवत होते. भाच्याला तोच प्रसंग सगळ्यात भारी वाटतो. त्याने तो परत मागे घेऊन लावला. मी तांदूळ भिजत घालून आले, तरी चालूच होता.

या सगळ्यात काकांबद्दल कुणाला काही वाटलं नव्हतं. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसलेले, ते सिनेमा बघतायत हेच माहीत नव्हतं. पहिल्या भागात पुष्पाच्या साखरपुड्यात त्याचा सावत्र भाऊ येऊन सगळ्यांसमोर सांगतो की याला आमच्या घराण्याचं नाव नाही. दुसऱ्या भागात शेवटी, पुतणीच्या लग्नाच्या निमित्ताने, तोच भाऊ त्याला घरचा मानतो. गडगंज झालेला, मुख्यमंत्री बदलणारा माणूस तिथे लहान पोरासारखा रडतो.

आमच्याकडे भाऊबंदकीचा दावा कधीपासून चालू आहे ते मी इथे लिहीत नाही. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. काकांच्या हातातला पेपर खाली आला होता. आत्येने डोळे पुसले, भाचा मोबाइलवर तिसऱ्या भागाचं काय ते शोधायला लागला, आणि काकांना मी विचारलं, कसा वाटला?

"बरो आसा," काका म्हणाले. "पण सातबाऱ्यार नाव चढला काय, ता काय दाखवल्यानी नाय."