छळ या शब्दात काय काय मावतं

मंगळवार, रात्री

आज महिला मदत केंद्रावर जवळजवळ सगळा दिवस एका बाईंच्या सासरच्या त्रासाबद्दलच्या एकाच अर्जात गेला. बाईंचं नाव-गाव इथे लिहीत नाही. पण अर्ज लिहिताना एका शब्दापाशी पुन्हा पुन्हा अडले, ते लिहून ठेवते.

'शारीरिक व मानसिक छळ' ही जोडी आपल्याकडे फिर्यादीत, वकिलाच्या नोटिशीत, बातमीत सगळीकडे ठरलेली आहे. इतकी ठरलेली की वाचणाऱ्याची नजर तिथे थांबतच नाही. आणि जिच्याबद्दल हे लिहिलं जातं ती बाई हा शब्द तोंडातून काढत नाही. ती म्हणते, "ताई, घरी जरा त्रास आहे." त्रास गुडघ्यांचाही असतो, शेजारच्या लाऊडस्पीकरचाही. फार झालं तर ती 'जाच' म्हणते. 'अत्याचार' तर मुळीच म्हणत नाही, कारण वर्तमानपत्रांनी तो शब्द बलात्कारासाठी इतका वापरलाय की लोक भलताच अर्थ घेतील अशी तिला धास्ती वाटते. 'जुलूम' राजाचा, सावकाराचा, सरकारचा. नवरा जुलूम करतो असं कुणी सहसा म्हणत नाही, जरी घरात सत्ता त्याचीच असली तरी.

मला विचाराल तर नेमका शब्द छळच आहे. संस्कृतात छल म्हणजे कपट, हिंदीत आजही तोच अर्थ. न्यायशास्त्राच्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राच्या, सोळा पदार्थांत (विषयांत) छल आहेच: बोलणाऱ्याच्या शब्दांचा मुद्दाम वाकडा अर्थ लावून त्याला पाडणं. मराठीत कपटाचा अर्थ 'छळकपट'सारख्या जोडशब्दात उरला आणि छळ म्हणजे हाल, गांजणूक असं झालं. तरी जुना अर्थ पुरता गेलाय असं मला वाटत नाही. विश्वामित्राने हरिश्चंद्राचा छळ केला असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीत नुसती मारहाण नाही. शब्दात पकडून माणसाला एकेक पायरी खाली नेलंय: आधी राज्य, मग बायको-मुलगा, मग स्मशानातली चाकरी. छळ असाच होतो, बेत करून आणि थोडा थोडा.

आजच्या बाई नोकरी करतात. पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. सकाळी तो मोजून बसभाडं देतो आणि संध्याकाळी तिकिटं मागून घेतो. एखादं तिकीट हरवलं की दुसऱ्या दिवशी तेवढे पैसे कमी. हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. मारहाणीच्या तारखा विचारत होते, तेव्हा पर्समधून तिकिटांची चळत बाहेर आली म्हणून कळलं. "पैशाचं काय, ते चालायचंच," म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक यांच्याबरोबर आर्थिक छळही धरलेला आहे. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग सांगायला लागल्या, आणि खरा अर्ज तिथून सुरू झाला.

म्हणून अर्जात 'छळ' लिहून पुढच्या मुद्द्याकडे गेलेलं मला चालत नाही. त्या शब्दाच्या पोटात काय आहे ते लिहायलाच हवं: कुणी केलं, काय केलं, कधीपासून, कुणाच्या देखत. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं कलम 498 अ, नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेबद्दलचं, जे 1983 मध्ये आलं, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 86 मध्ये आहे. तिथे मुख्य शब्द 'क्रूरता' आहे. बाई जिवाचं बरंवाईट करून घेईल, किंवा तिच्या शरीराला-मनाला गंभीर इजा होईल असं जाणूनबुजून केलेलं वागणं, किंवा बेकायदा मागणीसाठी केलेला छळ. यातलं 'जाणूनबुजून' फार महत्त्वाचं. तिकिटं मागून घेणारा माणूस रागाच्या भरात तसं करत नाही.

छळाला काळ लागतो, हेही आहे. एकदा थोबाडीत मारली तर आपण 'मारलं' म्हणतो. तेच रोजचं झालं, कधी होईल याची वाट बघत दिवस जायला लागला, की छळ. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मात्र 2013 च्या कायद्याने हा शब्द ताणला आणि बरं केलं. तिथे एकच प्रसंगही पुरतो. तक्रारीला मुदत तीन महिन्यांची, पण प्रसंग एकामागून एक घडले असतील तर ती शेवटच्या प्रसंगापासून मोजतात.

आणि ती बातमीतली ओळ, 'सासरच्या छळाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या'. माणूस रांगेत उभं राहून कंटाळतो, तेच तेच जेवून कंटाळतो. कंटाळ्याने कुणी जीव देत नाही. शिवाय 'सासरच्या छळाला' म्हटलं की करणारा दिसेनासा होतो, जणू घराच्या भिंतींनीच छळलं. 'छळ झाला' आणि 'छळ केला' यांत मी नेहमी दुसरं लिहिते, कारण 'केला' म्हटलं की कुणी ते सांगावंच लागतं.

शेवटी अर्ज वाचून दाखवला. सासूचं नाव आलं, नवऱ्याचं आलं, तोवर बाई मान हलवत होत्या. दिराच्या नावापाशी त्यांनी मला थांबवलं. "त्यांनी छळ नाही केला. ते समोर बसून बघत होते. तसंच लिहा." घरातल्या झाडून सगळ्यांची नावं एका ओळीत घालणारे अर्ज मी पुष्कळ पाहिलेत. त्यातला खरा भागही मग कुणी खरा धरत नाही. बाईंना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. मी ओळ खोडून त्यांच्याच शब्दांत लिहिली. खाली त्यांची सही घेतली, तिकिटांची झेरॉक्स काढून अर्जाला जोडली. उद्या सकाळी संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे 2005 च्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, जायचं आहे. लग्नपत्रिका आणि दवाखान्याचे कागद बहिणीकडे आहेत, ते बाई येताना घेऊन येतील.