वर्षाची यादी आणि रद्द झालेला शो

दर डिसेंबरात मी वर्षभरातल्या आवडलेल्या कामांची यादी करते. अभिनेत्री, अभिनेता, छायाचित्रण वगैरे, आणि शेवटी एक खास रकाना, ज्याला आमच्या घरी 'मानाचा गणपती' म्हणतात. २०२४ ची यादी दिवाळीपर्यंत जवळजवळ लागली होती. अडलं एकाच चित्रपटापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. दिग्दर्शिका पायल कपाडिया शिकली आपल्याच लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत ३० वर्षांनी भारतीय चित्रपट गेला आणि ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसरा मोठा पुरस्कार, घेऊन आला. २२ नोव्हेंबरला तो आपल्याकडे लागला. पुण्यात तरी धड वेळेला बघायला मिळेल असं वाटलं होतं. ॲप उघडलं तर एक शो भल्या सकाळी, दुसरा रात्री पावणेअकराला, आणि तेही नगर रोडकडे. मी कोथरूडची.

वनाजहून मेट्रो धरली, रामवाडीला उतरले, पुढे रिक्षा. मल्टिप्लेक्सच्या दारात असतानाच मेसेज आला : 'अपरिहार्य कारणास्तव आपला शो रद्द करण्यात आला आहे.' काउंटरवरचा मुलगा अगदी नम्र. "मॅडम, सिस्टिमला शोच दिसत नाहीये." कारण काय, तर "टेक्निकल." कसलं टेक्निकल, तर "वरून आलंय." जरा वेळाने त्यानेच हळू आवाजात सांगितलं, तिकिटंच गेली नाहीत. माझ्या मागे कॉलेजची दोन पोरं आणि एक काकू. काकू म्हणाल्या, "अहो, आम्ही चौघं आलोय ना? चौघांत ब्रिजचा डाव होतो, सिनेमा का नाही होत?"

मग मॅनेजर आले. त्याच तिकिटावर शेजारच्या स्क्रीनचा मारधाडीचा चित्रपट बघा म्हणाले. ते ऐकून काकूंनी जो चेहरा केला, तो यादीत कुठे बसवता येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पैसे 'पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत' परत, पण कन्व्हिनियन्स फी सोडून. ही फी नेमकी कशाची, असं मी विचारलं. त्यांनी मला पाणी हवंय का विचारलं.

आडवेळी शो लावायचा, लोक आले नाहीत म्हणून काढायचा, आणि सोमवारी सांगायचं की असल्या चित्रपटांना प्रेक्षकच नसतो. मराठीचं तर हे रोजचं रडगाणं. बर्लिनच्या महोत्सवात २०२३ मध्ये दाखवलेला 'घात' थिएटरात यायला सप्टेंबर २०२४ उजाडला. पहिल्याच शनिवारी गेले म्हणून तो सापडला. तेव्हा यादी करायची असेल तर शुक्रवार-शनिवार सोडू नका. पुढच्या आठवड्यावर ढकललेला छोटा चित्रपट म्हणजे न पाहिलेला चित्रपट. आणि घरातून निघण्यापूर्वी थिएटरला फोन करा, ॲपवर विसंबू नका.

शेवटी कोथरूडमध्येच मधल्या वारी एक शो लागला आणि चक्क झाला. नर्स प्रभाच्या घरी जर्मनीहून लाल राइस कुकर येतो. नवरा तिकडे, त्याचा फोनसुद्धा नाही. रात्री ती खाली बसून त्या कुकरला मिठी मारते. हुंदका नाही, संवाद नाही. कनी कुस्रुती, अभिनेत्रीचा रकाना तिथेच भरला. मानाचा गणपती छाया कदमचा. एकाच वर्षात 'लापता लेडीज'मधली स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई, 'मडगाव एक्स्प्रेस'मधली कांचन कोंबडी, आणि इथली पार्वती, जिच्याकडे राहत्या घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारते. तिन्ही बायका एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहणार नाहीत.

अभिनेता मामूटी, मल्याळम कृष्णधवल 'भ्रमयुगम'साठी. 'लापता लेडीज'मधला रवी किशनचा पान चघळणारा इन्स्पेक्टर दुसरा, फार थोडक्याने.

हे आधी सांगायला हवं होतं : सुरुवातीलाच वर्ष कसं धरायचं ते ठरवून टाका. आदिनाथ कोठारेच्या 'पाणी'ला राष्ट्रीय पुरस्कार २०१८ सालासाठीचा, थिएटरात आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. 'वाळवी' लागला जानेवारी २०२३ मध्ये, राष्ट्रीय पुरस्कार २०२२ चा, कारण तिथे सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख बघतात. मल्याळम 'उल्लोळुक्कु'साठी उर्वशीला केरळचा २०२३ चा राज्य पुरस्कार, चित्रपट लागला जून २०२४ मध्ये. माझा नियम सोपा आहे. साध्या माणसाला ज्या वर्षी तिकीट काढता आलं, ते त्या चित्रपटाचं वर्ष. शो झाला की नाही, हा निराळा विषय.

आणि पाहिलं त्याच रात्री दोन ओळी लिहून ठेवा. डिसेंबरात नुसती नावं आठवतात, काय आवडलं होतं ते नाही.

उर्वशीला मी कनीच्या लगेच खाली ठेवलंय. वहिनींना तिथे 'नाच गं घुमा'मधली नम्रता संभेराव हवी आहे, आणि तिच्या आशाताईचं काम आहेच तसं. पण त्यांनी 'उल्लोळुक्कु' पाहिलेलाच नाही. प्राइमवर आहे, सबटायटल्स आहेत, मी कितीदा लावूनही दिला. वहिनी म्हणतात, पुरामुळे खोळंबलेलं प्रेत मला जेवताना बघायचं नाही, आणि जेवणाव्यतिरिक्त टीव्हीपुढे बसायला मला वेळ नाही.