इंडेंटवरची सही

नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून मी अकरा वर्षे काम केले. त्या वर्षांतला एक दिवस मी अनेकांना सांगितला आहे; पण प्रत्येक वेळी सांगताना त्यातला माझा वाटा मी थोडा सावरून सांगितला, हे मागाहून मनाला लागत राहिले. म्हणून तो आता जसा घडला तसा लिहून काढते आहे.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती नागपुरातच, सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. त्या घटनेच्या स्मरणासाठी आमच्या मंडळीने उपासना ठरवली होती आणि तिच्या तयारीच्या समितीत मी होते. गुरुवारी संध्याकाळी समितीची बैठक होती, तिला उशीर होऊ नये म्हणून मी घाईत होते, आणि ड्युटी संपता संपता औषध भांडारातून फोन आला. चाळीसचे इन्सुलिन संपले आहे, पुरवठादाराने शंभरचे पाठवले आहे, चालेल का, असे भांडारपाल विचारत होते. मी म्हटले, चालेल, पण सोबत केशरी टोपणाच्या सिरिंज पाठवा. त्या उद्या येतील, असे ते म्हणाले. वॉर्डबॉयने आणलेल्या इंडेंटवर, म्हणजे भांडाराच्या मागणीपत्रावर, मी उभ्याउभ्याच सही केली, व्हायल फ्रिजमध्ये ठेवायला सांगितल्या आणि निघाले. पुढच्या पाळीसाठी असलेल्या हँडओव्हरच्या वहीत त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. सकाळी येऊन बघू, असे मनाशी म्हटले.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायल, म्हणजे औषधाच्या लहान बाटल्या, दोन प्रकारच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात, दुसरीत १००. दोन्हींसाठी सिरिंज वेगवेगळ्या असतात. चाळीसच्या सिरिंजचे टोपण लाल, शंभरच्या सिरिंजचे केशरी. शंभरच्या व्हायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने औषध ओढले, तर रेषा बरोबर दिसते, पण शरीरात अडीचपट औषध जाते. यात कोणाचा हात थरथरावा लागत नाही की कोणाला झोप यावी लागत नाही. नेहमीसारखे काम नीट केले तरी चूक होते, आणि म्हणूनच ती चूक इन्चार्जची असते.

शुक्रवारी सकाळी गुरुजींना १४ युनिट द्यायचे होते. ते काटोल तालुक्यातले निवृत्त शिक्षक. न्यूमोनियासाठी दाखल झालेले, मधुमेह जुना. सगळा वॉर्ड त्यांना गुरुजीच म्हणे, कारण ते औषधाच्या चार्टवरचे शुद्धलेखनही तपासत. पावणेआठच्या सुमारास एका तरुण सिस्टरने त्यांना इन्सुलिन दिले. ती भंडारा जिल्ह्यातली, कंत्राटावर लागून जेमतेम पाच महिने झालेली. साडेनऊला राउंडच्या आधी मी त्यांच्या खाटेजवळून जात होते, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होते आणि थंडीच्या त्या सकाळी त्यांचा सदरा घामाने ओला झाला होता. साखर तपासली, तर अवघी ३८. तोंडाने काही द्यावे इतके भान त्यांना नव्हते. २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या चार ॲम्प्यूल शिरेतून दिल्या, १० टक्क्यांचे सलाइन सुरू केले, दर पंधरा मिनिटांनी साखर बघायला सांगितले. पाऊण तासाने त्यांनी डोळे उघडून चष्मा मागितला.

दरम्यान मी फ्रिज उघडला होता. सहापैकी एका व्हायलचे सील तुटलेले होते. तिच्यावर शंभरचा आकडा स्पष्ट होता, आणि वापरलेल्या सुयांच्या डब्याशेजारी लाल टोपणे पडली होती. त्या क्षणी वॉर्डात ही गोष्ट मला एकटीलाच कळली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे काही घडले ते याच अर्ध्या मिनिटातून निघाले. माझ्या मनात पहिला विचार रुग्णाचा आला नाही. पहिला विचार इंडेंटवरच्या सहीचा आला.

दुसरा विचार मात्र लगेच आला, आणि तो माझ्या भलेपणातून नव्हे, साध्या हिशेबातून आला. व्हायल एकच असली तरी इन्सुलिन घेणारे रुग्ण त्या वॉर्डात तीन होते. बाकी दोघांची साखर धावतपळत तपासली. एकाची ६१ होती, दुसऱ्याने भरपूर नाश्ता केल्यामुळे तो बरा होता, पण त्यालाही दुपारपर्यंत नजरेखाली ठेवावे लागणार होते, कारण या इन्सुलिनचा अंमल सहा ते आठ तास राहतो. मग भांडारातून असेच खोके आणखी कुठे गेले, हा प्रश्न उभा राहिला. मी पाच वॉर्डांना फोन केले. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलले: शंभरची व्हायल आली आहे, आमच्याकडे लाल सिरिंजने दिली गेली, तुमच्याकडची थांबवा. महिलांच्या सर्जिकल वॉर्डात तेव्हा एका सिस्टरने औषध ओढून सिरिंज ट्रेमध्ये ठेवलेली होती. जे झाकावे असे त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात आले होते, ते झाकले असते तर ती सिरिंज कोणाच्या तरी दंडापर्यंत पोहोचली असती.

अकराला मला व्यवस्थापकांच्या खोलीत बोलावले. ते वाईट गृहस्थ नव्हते. तीनशे माणसांचे पगार दर महिन्याला वेळेवर व्हावेत याची काळजी त्यांच्या डोक्यावर असे आणि ती त्यांच्या बोलण्यातून दिसे. त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला आणि विचारले, “सिस्टर, पेशंटने नाश्ता पूर्ण केला होता का?”

गुरुजींनी अर्धी इडली खाऊन बाकीची बाजूला ठेवली होती. मी तसे सांगितले.

“मग तेच लिहा ना. इन्सुलिन दिले, पेशंटने नीट खाल्ले नाही, साखर उतरली, वेळेवर उपचार झाले. यात खोटे काय आहे?”

खरोखर, त्यात खोटे काहीच नव्हते. वाक्य न् वाक्य खरे होते. आणि कोणाचे नाव घालणे भागच पडले, तर त्या मुलीचे कंत्राट डिसेंबरअखेर संपतच होते, असेही ते सहज बोलून गेले. माझ्यासारखी अनुभवी इन्चार्ज गमावणे रुग्णालयाला परवडणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा मला बरे वाटले, हेही खरे आहे.

मी दहा मिनिटे मागून घेतली आणि लिनन रूममध्ये जाऊन बसले. ख्रिस्ती माणसे अशा जागी देवाचा आवाज ऐकल्याचे सांगतात. मला धुतलेल्या चादरींचा वास आला आणि आईची आठवण झाली. आई मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होती. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलेले, तुमचे बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही एवढेच असावे, हे ती आम्हा भावंडांना खोटे बोलू नका या अर्थाने कधी सांगत नसे. ती म्हणे, माणूस खोटे क्वचितच बोलतो, तो होय आणि नाही यांच्या मध्ये जागा करून तिथे राहायला जातो. अर्धी इडली ही तशी जागा होती. ऐसपैस, हवेशीर, आणि माझ्या नावावर होऊ शकणारी.

माझ्या हाताखाली हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या मुली काम करत. त्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही. इन्चार्जने प्रार्थनेला हात जोडले की हाताखालच्या मुलींना ते हात जोडणे हुकमासारखे वाटते, असे माझे मत होते आणि अजूनही आहे. पण त्या खोलीत बसून मला दिसले की, मोठ्याने प्रार्थना न करण्याचा मला थोडा अभिमानही झाला होता. कामातून साक्ष द्यावी, असे मी चारचौघांत म्हणत असे. आदल्या संध्याकाळी समितीतही मी तेच बोलले होते, आणि त्याच वेळी फ्रिजमध्ये त्या व्हायल कोणाला न सांगता पडून होत्या. प्रभूच्या कामासाठी लवकर निघाले म्हणून हे झाले, असे मी स्वतःला सांगू पाहत होते. पण प्रभूचे त्या संध्याकाळचे काम हँडओव्हरच्या वहीतल्या एका ओळीचे होते.

मी वॉर्डात परत आले आणि इन्सिडंट रिपोर्ट लिहायला घेतला. पहिलेच वाक्य असे लिहिले की, गुरुवारी संध्याकाळी इन्सुलिनचे बदललेले प्रमाण मान्य करून मी इंडेंटवर सही केली, योग्य सिरिंज आल्याची खात्री केली नाही आणि पुढच्या पाळीला कळवले नाही. दुसरे वाक्य दुसऱ्या सहीबद्दल होते. इन्सुलिन देण्यापूर्वी आणखी एका सिस्टरने व्हायल, सिरिंज आणि मात्रा डोळ्यांनी पाहून सही करायची, असा नियम आहे. आमच्या वॉर्डात ही दुसरी सही गर्दीच्या वेळी न बघता होत असे, कधी कधी सकाळी एकदमच चार रकान्यांत होत असे. मला ते माहीत होते. मी त्याकडे काणाडोळा करत असे, कारण तसे केल्याने काम वेळेवर संपे. तेही लिहिले. इडलीचाही उल्लेख केला, पण तो सगळ्यात शेवटी.

ती मुलगी औषधांच्या ट्रॉलीला टेकून उभी होती. तिने घरी फोन करून नोकरी गेल्याचे कळवूनही टाकले होते. मी रिपोर्ट तिला वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला आणि विचारले, “मॅडम, हे असं लिवलं तर तुमचं काय होईन?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आईचे ते होय आणि नाहीचे सांगितले. ती म्हणाली, “आमच्या इकडं चौथं शील तेच आहे, मॅडम. मुसावादा. आजी रोज वंदनेत म्हणते.” मी कसलीतरी ख्रिस्ती गोष्ट करायला निघाले आहे, असा माझा जो समज झाला होता, तो तिच्या या उत्तराने थोडा जागेवर आला.

गुरुजींच्या मुलाला सांगायचे काम उरले होते. फिजिशियन म्हणाले, मीही येतो. पण बोलायचे मी, असे ठरले. मुलगा संत्र्याची पिशवी घेऊन नुकताच गावाहून आला होता, आंबिया बहाराची तोड चालू होती. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मग आवाज चढवला. “काऊन सिस्टर, आमचा बाप का तुमच्या प्रयोगाचा उंदीर आहे का जी?” तो बरोबर होता. मी माफी मागितली, समजावायला गेले नाही. समजावण्यासारखे जे होते ते माझ्याच बाजूचे होते.

गुरुजी उठून बसले होते. मुलाला त्यांनी हाताने थांबवले आणि म्हणाले, “दोन्ही सिरिंजा दाखवा.” केशरी टोपणाच्या सिरिंज एव्हाना येऊन पडल्या होत्या. मी दोन्ही त्यांच्या हातात दिल्या, सोबत व्हायल. चष्मा लावून त्यांनी आकडे वाचले, वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने त्रैराशिक मांडले: चाळीसला शंभर, तर चौदाला किती. “पस्तीस,” ते म्हणाले. थोडा वेळ ते आकड्याकडेच बघत राहिले, मग माझ्याकडे पाहिले. “हे चौथीचं गणित आहे, सिस्टर.”

इतक्या वर्षांत मला कोणीही इतके नेमके रागावले नाही.

मुलाने लेखी तक्रार दिली. चौकशी झाली, मला मेमो मिळाला आणि त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. मुलीचे कंत्राट तीन महिन्यांसाठी वाढले, पुढे ती आपल्या जिल्ह्यात नोकरीला लागली. भांडारात ठरले की दोन प्रमाणांचे इन्सुलिन एकाच वेळी वॉर्डात जाणार नाही, आणि प्रमाण बदलायचे झाले तर व्हायल आणि सिरिंज एकाच खोक्यात, एकाच इंडेंटवर जातील. व्यवस्थापक माझ्याशी बरेच दिवस कामापुरतेच बोलत. रविवारच्या उपासनेत वाचन माझ्याकडे होते. ते मी मंडळीतल्या दुसऱ्या बहिणीला द्यायला सांगितले. ते नम्रतेमुळे होते की लाजेमुळे, याचा निवाडा मला आजही करता येत नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारची पाळी सुरू झाल्यावर, शुक्रवारच्या चार्टवर दुसरी सही करणारी सिस्टर माझ्या टेबलाशी आली. ती माझ्याहून चार वर्षांनीच कनिष्ठ, वॉर्डातली सगळ्यांत जुनी. तिचे नाव मी रिपोर्टमध्ये घातले नव्हते, नियम मोडू देणारी मी होते एवढेच लिहिले होते. ती बराच वेळ रजिस्टरची पाने उलटत उभी राहिली. मग म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी मी सही केली तेव्हा व्हायल बघितली नव्हती. तुमच्या रिपोर्टात ते नाही.”

रिपोर्ट तर केव्हाच वर गेला होता. मी खणातून कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला आणि बसायला खुर्ची ओढून दिली.