सबमिट केलेला अर्ज पुन्हा उघडावा का?

अर्ज एकदा सबमिट केला की पुन्हा उघडून बघू नये, उगाच जिवाला घोर लागतो, असं सगळेच सांगतात. मला ते पटत नाही. बघावा. एकदाच, सावकाश, शेजारी कोरा कागद ठेवून.

माझी भाची अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलसाठी अर्ज करतेय. तिथल्या बहुतेक एमडी (तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी) कॉलेजांचा पहिला अर्ज ‘अ‍ॅमकॅस’ या एकाच सेवेतून जातो. सबमिट केल्यावर तिने पीडीएफ वाचली आणि मला फोन केला. आवाज रडवेला. “मावशी, सगळी मेहनत पाण्यात गेली गं!” मी मुद्रितशोधनाचं काम करते. तिला म्हटलं, रडू नंतर, आधी काय काय चुकलंय ते एकेक वाचून दाखव.

तीन गोष्टी निघाल्या. निबंधात ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ पडलं होतं. हॉस्पिटलमधल्या स्वयंसेवेचे तास 230 चे 320 झाले होते. आणि शाळेत असतानाच एका कॉलेजात केलेला कोर्स नोंदवायचा राहून गेला होता.

ती रडत होती ‘फॉर्म’साठी! मला धडकी भरली ती राहिलेल्या कोर्सची. अ‍ॅमकॅसला कॉलेज पातळीवरचा प्रत्येक कोर्स लागतो, शाळेत असताना केलेलासुद्धा, आणि त्या कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रिकाही. तिथली माणसं अर्जातली नोंद ट्रान्स्क्रिप्टशी ताडून बघतात. मोठी तफावत निघाली तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येऊ शकतो. बरीच मेडिकल कॉलेजं आलेले अर्ज जसजसे येतील तसतसे बघत जातात, त्यामुळे असे गेलेले दिवस महागात पडतात. तेव्हा पहिला फोन अ‍ॅमकॅसला.

तासांचा प्रश्न वेगळा. निबंध आणि स्वयंसेवेसारख्या उपक्रमांच्या नोंदी, सबमिट झाल्यावर यातलं काहीच बदलता येत नाही. पण आकडा फुगलेला आहे. उद्या मुलाखतीत कुणी त्या तासांबद्दल विचारलं तर तिने काय सांगायचं? डॉक्टर होऊ बघणाऱ्या मुलीच्या नावावर खोटा आकडा राहू नये, मग तो नजरचुकीने का पडेना. म्हणून कॉलेजांना थेट कळवायचं.

तिने लगेच पत्राचा मसुदा पाठवला. पानभर माफी, परीक्षेचा ताण, आजीचं आजारपण. मी सगळं काढलं. उरलं एवढंच: अर्ज क्रमांक, आणि “माझ्या अर्जात या उपक्रमाचे तास 320 असे नोंदले गेले आहेत. बरोबर संख्या 230 आहे. कृपया नोंद घ्यावी.” वाचणाऱ्याला दुरुस्ती हवी असते, ती पहिल्या दोन ओळींत सापडली पाहिजे.

“आधी इतक्यांदा वाचलं तेव्हा का नाही दिसलं?” हे ती परत परत विचारत होती. आपलं लिखाण वाचताना डोळा अक्षरावरून नुसता फिरतो, मन आपल्याला जे म्हणायचं होतं तेच वाचतं. पीडीएफमध्ये टाइप बदलतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, आणि तेच वाक्य परक्याचं वाटायला लागतं. म्हणून मी प्रुफं वाचताना आकड्यांसाठी वेगळी फेरी घेते: मजकूर वाचायचाच नाही, फक्त आकडे, मूळ कागदावर बोट ठेवून. तारखा, तास, गुण सगळं त्यात येतं. सबमिट करण्याआधी प्रत्येकाने एवढं करावंच.

“पत्रात ‘फॉर्म’चंही लिहू का?” असं तिने शेवटी विचारलं. मी नको म्हटलं. वाचणारा तिथे क्षणभर अडखळेल आणि पुढे जाईल. आता कॉलेजांचे स्वतंत्र निबंध सुरू होतील. तिथे मजकुराच्याही आधी कॉलेजचं नाव तपासायचं. एकासाठी लिहिलेला निबंध दुसऱ्याला पाठवताना जुनं नाव आत राहून गेलं, तर ते मात्र कुणाच्या नजरेतून सुटत नाही.