दोन तास तीन मिनिटं

नागरिकत्वाच्या मुलाखतीत मला विचारलेला एक प्रश्न असा होता : 'अमेरिकेतल्या एका आदिवासी जमातीचं नाव सांगा.' शंभर प्रश्नांची यादी मी शाळेतल्या पाढ्यांसारखी घोकली होती. 'नवाहो,' म्हटलं. अधिकाऱ्याने मान हलवली, पुढचा प्रश्न घेतला. हे २०१९ सालचं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये बेसनाचे लाडू वाटताना हा किस्सा सांगितला, तर काउंटरवर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण हसायलाच लागली. "नवाहो? अगं, दीड वर्ष माझ्या डब्यातलं खातेस आणि नवाहो?" ती याकी जमातीची. मी तिला मेक्सिकन समजत होते. आडनाव स्पॅनिश, घरात स्पॅनिश, मला काय कळणार! नवाहो लोकांचा मुलूख ॲरिझोनातल्या आमच्या टूसॉनपासून मोटारीने पाच-सहा तास लांब आणि याकींची न्यू पास्कुआ ही वसाहत माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांवर. सरकारी यादीत जी उत्तरं छापली होती त्यात याकी हे नावच नव्हतं, एवढीच माझी सबब.

तिने मला पहिल्यांदा तिकडे नेलं ते लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत. मुखवटे घातलेले चापायेका, म्हणजे येशूच्या शत्रूंचं सैन्य, पटांगणाची धूळ, शेवटच्या शनिवारी त्या सैन्यावर उधळली जाणारी फुलं. तिथे फोटो काढायचा नाही, आवाज टिपायचा नाही, चित्र काढायचं नाही, वहीत चार ओळी लिहायच्याही नाहीत. त्यामुळे त्याबद्दल इथेही जास्त लिहीत नाही. वही काढायचा माझा हात मात्र दोनदा पर्समध्ये गेला होता. ती खोड वडिलांकडून आलेली.

वडील नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, म्हणजे दर निवडणुकीला ड्युटी ठरलेली. २००४ मध्ये, मशीन आली त्या वर्षी, केंद्राध्यक्ष म्हणून त्यांना अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेकाठचं गाव मिळालं होतं. सरदार सरोवराच्या पाण्याने रस्ते गिळलेले, त्यामुळे शेवटचा टप्पा बोटीने. मशीन मांडीवर घेऊन बसलेले वडील आणि काठावर उभा असलेला कोतवाल, हे चित्र त्यांनी इतक्यांदा रंगवून सांगितलंय की मी स्वतः त्या बोटीत होते असंच वाटतं. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, असा आपल्या निवडणूक आयोगाचा दंडक. मतदार पाण्यापलीकडे असेल तर केंद्राने पाण्यापलीकडे जायचं. केंद्राध्यक्षाच्या डायरीत दर दोन तासांनी किती मतं पडली ते लिहावं लागतं. वडिलांना त्याची इतकी सवय झाली की लग्नाला गेले तरी अक्षता किती वाजता पडल्या हे ते लिहून ठेवत.

तर २०२०. माझं पहिलं अमेरिकन मत. मला ते घरबसल्या टपालाने आलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरलं, पाकिटावर सही केली, टाकलं. मैत्रिणीच्या नानाचं मात्र अडलं होतं. (इकडे नाना म्हणजे आजी. आजोबा तो ताता. आमच्या घरी नाना म्हणजे मिशा असलेले मोठे काका, त्यामुळे 'नाना पोळ्या लाटतेय' हे वाक्य पचवायला मला काही महिने लागले.) नानाचा टपालावर विश्वास नाही. "माझं मत मी माझ्या हाताने देणार." वय ऐंशीच्या घरात, करोनाचे दिवस, निवडणुकीच्या दिवशीच्या गर्दीत उभं राहायचं नाही, म्हणून तिला आधीच जाऊन मत द्यायचं होतं. ॲरिझोनात मतदानाच्या दिवसाआधी २७ दिवस ही सोय सुरू होते. न्यू पास्कुआतही पूर्वी असं लवकर मतदानाचं केंद्र होतं. कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणूक नोंदणी कार्यालयाने ते २०१८ मध्ये बंद केलं. लोक कमी येतात, हे एक कारण दिलं गेलं. जमातीचं म्हणणं, आम्हाला विचारलंसुद्धा नाही.

मी लगेच म्हटलं, "मी काय मदत करू?" मैत्रिणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. आपल्याकडे 'आदिवासी' म्हटलं की डोळ्यांपुढे योजना येते, लाभार्थी येतो, आश्रमशाळा येते. माझ्याही आली होती. तिने जेवणाच्या सुट्टीत मला नीट समजावलं. पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत मेक्सिकन फौजा सोनोरा प्रांतातल्या याकींना पकडून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर विकत होत्या, तेव्हा बरेच जण सरहद्द ओलांडून इकडे आले. १९६४ मध्ये टूसॉनच्या नैर्ऋत्येला २०२ एकर जमीन मिळाली. १९७८ मध्ये अमेरिकेने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली. आता त्यांची अकरा जणांची कौन्सिल आहे, दर चार वर्षांनी निवडून येणारी. स्वतःचं न्यायालय, स्वतःचे पोलीस, दवाखाना, कॅसिनो. जमातीच्या हद्दीत बाईला मारहाण करणारा माणूस आदिवासी नसला तरी त्याच्यावर जमातीच्या न्यायालयात खटला चालवायचा, हा अधिकार २०१४ मध्ये देशात सगळ्यात आधी ज्या तीन जमातींनी वापरायला घेतला, त्यातली एक ही. "आम्ही सरकार आहोत," ती म्हणाली. "सरकारला मदत नको असते. पुरावा हवा असतो."

पुरावा म्हणजे काय, तर वेळ. आधीच मत द्यायचं तर आता जवळचं केंद्र आठेक मैलांवरच्या एका वाचनालयात होतं. नकाशावर आठ मैल म्हणजे काहीच नाही; मोटारीने पंधरा-वीस मिनिटं. पण नाना गाडी चालवत नाही. ज्यांना रजा काढून तिला नेता येईल अशी नातवंडंही सगळ्यांना नसतात.

म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही दोघीच बसने गेलो. नानाला नेलं नाही, ही रंगीत तालीम. माझी वही होती. तोरिम रस्त्यावरच्या घरातून निघालो. (तिथल्या रस्त्यांना सोनोरातल्या याकी नदीकाठच्या मूळ गावांची नावं आहेत, तोरिम, विकाम. मुंबईत चाळीला कोकणातल्या गावाचं नाव असतं तसं.) ९.१० ला दाराबाहेर. ९.२१ बसथांबा. सावली नाही, बाक आहे पण तापलेला. ऑक्टोबर असूनही पारा पस्तिशीच्या वर. ९.३८ बस. करोनामुळे भाडं माफ होतं तेवढं बरं. मध्ये एकदा बस बदलली, तिथे तेरा मिनिटं. १०.१६ ला वाचनालयाचं दार. परतीची बस डोळ्यांसमोरून गेली असती, पण मैत्रीण धावली. नाना धावली नसती. वहीत मी धावण्याचीही नोंद केली. जाऊन-येऊन, रांगेचा वेळ सोडून : दोन तास तीन मिनिटं.

घरी आल्यावर नानाने विचारलं, किती? सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यात माझ्या टॉर्टिया चार वेळा होतात."

इथे जरा विषयांतर, पण मला राहवत नाही. नानाच्या टॉर्टिया म्हणजे बाजारातल्या तळहाताएवढ्या चकत्या नव्हेत. गव्हाचं पीठ, चरबी, मीठ, पाणी. गोळे ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचे. मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत इतकं पसरायचं की पलीकडचं दिसावं. मी पाहतच राहिले. हे आमच्या खानदेशी मांड्याचं सख्खं भावंड! आमची मावशी उलट्या खापरावर टाकायची, नाना लोखंडी तव्यावर टाकते, फरक तेवढाच. आणि गंमत अशी की गहूही तिकडचाच. १९६०च्या दशकात भारताने बोटी भरभरून जे मेक्सिकन बियाणं आणलं, 'सोनोरा ६४' आणि 'लेर्मा रोहो', त्या गव्हांवरचं मोठं काम सोनोरातल्या याकी खोऱ्यात, ओब्रेगॉन शहराजवळच्या संशोधन केंद्रात झालं होतं. त्याच सोनोरा ६४ पासून दिल्लीत 'शरबती सोनोरा' काढला. त्या खोऱ्याचं पाणी कालव्यांनी शेतमालकांकडे गेलं आणि ज्यांच्या नावाची नदी त्यांच्या गावांपाशी पात्र कोरडं. हे मी नानाला सांगितलं, तर तिला गव्हाचं काही वाटलं नाही. भारतात तवा कसला वापरतात, एवढंच विचारलं.

रात्री मी कौंटीचा कारभार बघणाऱ्या सुपरवायझर मंडळाला पत्र लिहायला बसले. नागरिकांचं म्हणणं लेखी पाठवता येतं. माझा पहिला मसुदा दीड पानांचा होता. त्यात 'अन्याय' तीनदा होता, 'ऐतिहासिक' दोनदा, आणि ॲरिझोनात १९४८ पर्यंत राखीव भागातल्या आदिवासींना मत देऊ दिलं जात नव्हतं, पुढेही बरीच वर्षं इंग्रजी वाचून दाखवायची अट होती, हे सगळं. मैत्रिणीने पेनाने सटासट रेघा मारल्या. "हे आमचे वकील मांडतील, त्यांना जास्त चांगलं येतं. तू वेळा ठेव. विशेषणं काढ." उरल्या अकरा ओळी, त्यातल्या नऊ ओळींत घड्याळ. खाली सही. पाठवलं, पोच मिळाल्याचा यांत्रिक निरोप आला, त्यापलीकडे काही नाही.

माझ्या पत्राने काही घडलं असं मी मुळीच म्हणत नाही. मंडळाचा कल तसाही केंद्र परत सुरू करण्याकडे होता. निर्णय मात्र नोंदणी कार्यालयाच्या हातात होता आणि तिथून नकार. ऑक्टोबरात जमात कोर्टात गेली. बसला जाऊन-येऊन दोन तास लागतात, हा मुद्दा त्या दाव्यातही होता. निवडणूक तोंडावर असताना न्यायाधीशांनी तातडीचा आदेश द्यायला नकार दिला. शेवटी मैत्रिणीने अर्ध्या दिवसाची रजा टाकून नानाला गाडीने नेलं. नाना मत देऊन आली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. रजेचे पैसे कापले गेले याचा तिला राग होता.

२०२० च्या निवडणुकीत निवडून येऊन २०२१ मध्ये नोंदणी कार्यालयाचा कारभार घेतलेल्या नव्या प्रमुख शेजारच्याच तोहोनो ओओधाम जमातीच्या. त्याच वर्षी दावा तडजोडीने मिटला, केंद्र परत देण्याचं ठरलं. माणूस बदलला की फाइल हलते, हे मला नंदुरबारात वाढल्यामुळे नवीन नव्हतं. तरी फाइल हलायला आधी कोणीतरी ती उघडी ठेवलेली असावी लागते. ते काम जमातीने केलं होतं.

२०२२ ला मी निवडणुकीत हंगामी कर्मचारी म्हणून अर्ज केला. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते गहिवरले आणि लगेच म्हणाले, "शाईची बाटली नीट बंद कर, साडीवर सांडते." इथे शाई नाही, साडीही नाही. प्रशिक्षण मात्र थेट आपल्यासारखं : एक माणूस पडद्यावर दाखवतो, अर्धे झोपतात, मग यंत्रापाशी सगळ्यांची तारांबळ. ओळखपत्र बघायचं, नाव टॅब्लेटवर शोधायचं, मतपत्रिका तिथल्या तिथे छापून द्यायची, लवकर मतदान असेल तर मतदार ती पाकिटात घालून वर सही करतो. जमातीचं ओळखपत्र चालतं, हे प्रशिक्षकाने सांगितलं तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "ते खरं असतं का?" मी बोलले नाही. पण नानाचं कार्ड माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्या कार्डावर ती सोनोरातल्या बहिणीला भेटून सरहद्दीवरून परत येते. अमेरिकेच्या सीमा खात्याबरोबर असं कार्ड सगळ्यात आधी तयार करणारी जमात हीच. प्रशिक्षकाने शांतपणे "हो" म्हटलं आणि पुढे गेला.

न्यू पास्कुआत काम मिळेल अशी आशा होती. मिळालं शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका चर्चच्या हॉलमध्ये, जिथे सकाळपासून दुपारपर्यंत बहुतेक निवृत्त लोक आणि त्यांची कुत्री आली. तिथलं सांगण्यासारखं काही नाही.

त्यामुळे न्यू पास्कुआत गेले ती सुट्टीच्या दिवशी, पाहुणी म्हणून. सकाळी नानाने पीठ मळलं, गोळे केले, ओल्या फडक्याने झाकले आणि हात पुसत म्हणाली, चला. मी वही काढली. १०.०५ दाराबाहेर. ती काठी टेकत, मैत्रीण एका बाजूला, मी दुसऱ्या. वाटेत दोन अंगणांत थांबून 'लिओस एम चानिया', म्हणजे याकी रामराम, झालं, त्याची सहा मिनिटं धरली. १०.१९ ला केंद्र. रांगेत पुढे तिची मामेबहीण, मग काय! कार्ड दाखवलं, मतपत्रिका छापून आली, आडोशाला जाऊन भरली. पाकिटावर सही करताना मात्र तिने खूप वेळ घेतला. जुन्या सहीशी जुळली पाहिजे हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर. काउंटरवरचा मुलगा घाई न करता थांबला. सही झाली तशी तिने पाकीट दोन्ही हातांनी पेटीत टाकलं.

१०.५२ ला आम्ही परत घरात. मी वहीत बेरीज केली, सत्तेचाळीस मिनिटं, गप्पांसकट. नानाने फडकं उचलून एक गोळा बोटाने दाबून पाहिला. तो हळूच वर आला. "तवा ठेव," ती मला म्हणाली.